मदत हवी आहे: रॅम्प आहे, पण व्हीलचेअर चढत नाही. पत्रात काय मागावं?

वाचनालयाच्या दाराशी चार पायऱ्या, एकूण उंची ६० सेंमी. शेजारी रॅम्प आहे, त्याची लांबी जेमतेम २४० सेंमी. कठडा नाही, वर गुळगुळीत फरशी, आणि उतार संपतो तिथेच बाहेर उघडणारं दार. तोंडी तक्रारीवर उत्तर ठरलेलं: "रॅम्प केलाय की. आणि आमची माणसं उचलून घेतात." लेखी मागणी कशी करावी? कायद्याची भाषा किती वापरावी?

ओळंबा
आधी हिशोब. तुमचा उतार १:४, म्हणजे सुमारे १४ अंश. स्वतः चाकं फिरवणाऱ्यासाठी रूढ मर्यादा १:१२, पाच अंशांहून किंचित कमी. (२४० सेंमी आडवं मोजलंय असं धरतो. फीत उतारावर टाकली असेल, तर चढ याहून थोडा जास्तच निघेल.)

६० सेंमी चढायला ७२० सेंमी लांबी लागते. शिवाय वर आणि खाली १५० सेंमीची सपाट जागा. 'इतकी जागा कुठाय' हे येणारच, म्हणून उलट्या वळणाचा कच्चा आराखडा आधीच जोडा: ३६० सेंमीचे दोन टप्पे शेजारी-शेजारी, प्रत्येकी १२० सेंमी मोकळी रुंदी, वळणावर सपाट जागा. सगळं मिळून पावणेसात मीटर लांबी आणि पावणेतीन मीटर रुंदीत बसतं.

दाराचा मुद्दा सोडू नका. दार ओढायला एक हात गेला की खुर्ची उतारावरून मागे सरकते, म्हणून दारापुढे सपाट जागा हवीच. बाकी: दोन्ही बाजूंना ८६ ते ९६ सेंमी उंचीचे कठडे, चाक घसरू नये म्हणून कडेला १० सेंमी उंचीची उभी कड, फरशीऐवजी खरखरीत काँक्रीट. आणि रॅम्प जमिनीला मिळतो तिथे उंचवटा नको. पुढची छोटी चाकं तिथेच अडतात आणि माणूस तोंडावर पडतो.

टाचण
'सहानुभूतीपूर्वक विचार व्हावा' हे वाक्य पत्रात नको. त्याने हक्काची विनंती होते, आणि विनंती फाईलमध्ये पडून राहते.

माप, फीत लावून काढलेला फोटो, नेमकी मागणी, लेखी उत्तराची तारीख, आणि निर्णय कोण घेणार हा प्रश्न. एका पानात बसवा. पोच घ्या.

कायदा दोन ओळींत पुरे. अपंग व्यक्तींच्या हक्कांविषयीचा संयुक्त राष्ट्रांचा करार २००६ चा. त्याचं कलम ९ सुगम प्रवेशाचं. पण करार बांधतो सरकारांना. संस्थेपुढे आपल्या देशाचा अपंग हक्क कायदा आणि इमारतीचे नियम ठेवा, कलम क्रमांकासकट.

'उचलून घेतो' याला उत्तर: खुर्चीचे हात आणि पायपट्ट्या बऱ्याचदा निघणाऱ्या असतात, उचलताना त्याच हातात येतात. मोटरवाली खुर्ची तर माणसासकट शंभर किलोच्या पुढे सहज जाते. शिवाय आपल्या अंगाला कोणी हात लावायचा हे ज्याचं त्याने ठरवायचं.

धागाकर्ता
आभार. बांधकामाला वेळ लागेल म्हणतात, तोवर काय? आणि 'अपंगत्वाचं प्रमाणपत्र जोडा' असंही सांगतायत.

टाचण
दोन मागण्या वेगळ्या परिच्छेदांत लिहा. रॅम्प ही इमारतीची जबाबदारी, सगळ्यांसाठी. ती कोणा एकाच्या अर्जावर अवलंबून नाही, म्हणून तिथे प्रमाणपत्राचा संबंधच नाही. दुसरी मागणी व्यक्तीपुरती, लगेच मिळण्याजोगी: पुस्तकं पायऱ्यांखाली आणून देणं, फोनवर नोंदणी, घरपोच देवाणघेवाण. करारात याला 'वाजवी सोय' म्हटलंय. ती नाकारायची तर 'अवाजवी भार' कसा पडतो हे त्यांनी दाखवायचं, तुम्ही नाही. इथे गरजेपुरती माहिती द्या; आजाराचे कागद सह्यांच्या पत्राला कधीच जोडू नका.

तात्पुरता लाकडी रॅम्प टाकू म्हणाले तर लांबी विचारा. पुन्हा २४० चाच टाकतील.

ओळंबा
आणि आराखडा पक्का होण्याआधी व्हीलचेअर वापरणारे दोघं-तिघं बैठकीला हवेत, एकाची खुर्ची हाताने चालवायची आणि एकाची मोटरवाली. त्याच संयुक्त राष्ट्रांच्या कराराचं कलम ४(३) सल्लामसलतीचंच आहे. काँक्रीट ओतण्याआधी जमिनीवर खडूने मापं आखून वळण घेऊन बघा. वळणाची जागा कागदावर पुरते, प्रत्यक्षात पायपट्ट्या भिंतीला घासतात.