बहिणीच्या मुलीला दत्तक घ्यायचंय, बापाची सही लागतेच का? (तातडीचे)

रंकाळावेस
नमस्कार मंडळी. बहिणीच्या मुलीला आम्ही दत्तक घेतोय. बहीण तयार, आम्ही नवराबायको तयार. ओळखीचा नोटरी म्हणतो, स्टँपपेपर आणि दोन साक्षीदार आणा, तासाभरात करून देतो. दुसरा एक वकील म्हणतो बापाची सही पाहिजे. आता बापाची कशाला? जूनमध्ये शाळा सुरू होते, त्याआधी आमचं नाव लागायला हवं. ज्यांनी केलंय त्यांनीच सांगा, उगाच लिंका डकवू नका.

पापाची_तिकटी
बाप हयात आहे का? तेवढंच लिहायचं राहिलंय.

शाहूपुरीकर
अभिनंदन! आम्ही कारावर (केंद्र सरकारचं दत्तकाचं पोर्टल) नोंदणी केली होती. गृहभेटीचा अहवाल झाला की नंबर लागतो, धीर धरा. बाळ दत्तक घेतलं की वहिनींना बारा आठवडे पगारी रजा मिळते, ऑफिसात आधीच सांगून ठेवा.

रंकाळावेस
ताई, संस्थेतलं बाळ नाही हो. भाची आहे, सात वर्षांची. बाप इचलकरंजीत असतो. घटस्फोट झालाय, कोर्टानं ताबा बहिणीला दिलाय. तो पोरीचं तोंड बघायला पण येत नाही. मग त्याचा संबंध काय?

बावड्याचा_वकील
आहे की संबंध. १९५६चा हिंदू दत्तक व निर्वाह कायदा, कलम ९. आई मूल दत्तक देऊ शकते, पण बापाच्या संमतीनंच. बापालाही आईची संमती लागते. सूट तीनच ठिकाणी : त्यानं संन्यास घेतला, धर्म सोडला, किंवा कोर्टानं त्याला विकल मनाचा ठरवला. घटस्फोट त्यात नाही, बघायला न येणंही नाही. ताब्याच्या हुकुमानं पोर कुणाजवळ राहणार एवढंच ठरतं.

उत्तरेश्वर_वाघ
वकील लोकांचं हे असंच, आधी घाबरवायचं मग फी सांगायची. आमच्या चुलत्यांनी पुतण्या घेतला. मांडीवर बसवला, गावजेवण घातलं, विषय संपला. शाहू महाराज १८८४ साली कागलच्या घाटग्यांकडून दत्तक आले, त्यांनी कुठं पोर्टलवर फॉर्म भरला होता?

पापाची_तिकटी
वाघ, महाराजांचे जन्मदाते वडील तेव्हा हयात होते आणि त्यांच्या राजीखुशीनं दत्तक झालं. उदाहरण तुमच्याच अंगावर येतंय. बाकी गावजेवणाला बेत काय होता?

उत्तरेश्वर_वाघ
तांबडा पांढरा, दुसरं काय. आणि नोटरीचा कागद चालतोच, माझा शब्द.

बावड्याचा_वकील
तुमच्या शब्दावर जिल्हाधिकारी सही करणार नाहीत. दुय्यम निबंधकाकडे नोंदवलेलं, देणाऱ्या-घेणाऱ्या दोघांच्या सह्यांचं दत्तकपत्र असेल तर कोर्ट ते दत्तक खरं धरून चालतं. नुसत्या नोटरीला ते बळ नाही.
रंकाळावेस, एक विचारायचं राहिलं. तुम्हाला स्वतःचं मूल आहे?

रंकाळावेस
एक मुलगी आहे, पाचवीत. त्याचं काय?

बावड्याचा_वकील
अहो, हे पहिल्या ओळीत सांगायचं! ५६च्या कायद्यानं स्वतःची मुलगी असताना दुसरी मुलगी दत्तक घेताच येत नाही. बापानं दहा सह्या केल्या तरी ते दत्तक टिकणार नाही. नोटरीनं हे विचारलं पण नाही?
तुमचा रस्ता बाल न्याय कायदा, २०१५. त्यात मामा नातेवाईक म्हणून घेऊ शकतो, घरात मुलगी असली तरी. पोर्टलवर नातेवाईक दत्तकाखाली नोंदणी करा, अर्ज जिल्हा बाल संरक्षण कक्षामार्फत जातो. सप्टेंबर २०२२ पासून आदेश कोर्टाऐवजी जिल्हाधिकारी देतात. अर्जापासून दोन महिन्यांत निकाल लागावा असं कायदा म्हणतो. जन्मदात्यांची संमती तिथंही आहेच. प्रसंगी बाल कल्याण समितीच्या परवानगीची सोय आहे, पण इचलकरंजीत बसलेला बाप सापडत नाही असं लिहून देऊ नका. भाची पाच वर्षांवरची आहे, म्हणजे तिचीही संमती घेतात. तिला विचारलंय का कुणी?

रंकाळावेस
तिला काय विचारायचं, ती दोन वर्षं आमच्याकडंच आहे. पण हे सगळं जूनच्या आत कसं होणार?

निवृत्त_लेखनिक
दादा, मी शाळेच्या कार्यालयात नोकरी केली आहे. आई आहे, ताबा तिच्याकडं आहे, मग आईच्या सहीनं प्रवेश घ्या. जून गाठायला दत्तकाची घाई कशाला? आदेश आला की जन्मदाखला बदलून मिळतो, मग शाळेतलं नाव बदला. पण पोरीला विचाराच, ‘आमच्याकडंच आहे’ हे काय उत्तर झालं? आणि आक्कांना नीट सांगितलंय ना, की आदेशानंतर कायद्यानं त्या तिची आई राहणार नाहीत, आत्या होतील? आत्ता हो म्हणतात बायका. मी पाहिलंय.

शाहूपुरीकर
रजेला पूर्वी बाळ तीन महिन्यांच्या आतलं असण्याची अट होती, आता सात वर्षांना मिळेल का ते ऑफिसात विचारा. वहिनींना सांगा.

रंकाळावेस
रजा कुणी मागितलीय? असो. शाळेचं बहिणीच्या सहीनं करतो. तिच्याशी आणि पोरीशी रविवारी बसतो. आता बापाला फोन कुणी करायचा? माझा तो उचलत नाही.

पापाची_तिकटी
तुम्ही नकोच, बहीण पण नको. कोर्टात समोरासमोर उभी राहिलेली माणसं तुम्ही. दोन्ही घरांत ऊठबस असलेला एखादा वयस्कर पाहुणा गाठा. तो पैसे मागेल, त्याची तयारी ठेवा, पण द्यायचे नाहीत. दत्तकाच्या बदल्यात पैसे घेणं-देणं दोन्ही गुन्हा आहे.

उत्तरेश्वर_वाघ
इचलकरंजीत कुठल्या भागात राहतो? आमचे मेहुणे तिथं यंत्रमागवाले, अर्धं गाव ओळखतात. नाव इथं टाकू नका, व्यनि (खाजगी निरोप) करा.