मुंबई-लंडन : हिशेबातले ते जादा दीड-दोन तास
मुंबई-लंडनच्या ७,२०० किमीला विमानाच्या ताशी ९०० किमी वेगाने भागून ८ तास येतात, मग तिकिटावर साडेनऊ-दहा का, हा प्रश्न रास्त आहे. पण त्यावर काही जण देतात ते ‘इंधन वाचवायला हळू नेतात’ हे उत्तर पटलं नाही. ९०० हा भोवतालच्या हवेच्या तुलनेतला वेग. विमान उडतं त्या उंचीवरचे वारे पश्चिमेकडून वाहतात. लंडनला जाताना समोरून ताशी १०० किमीचा वारा असला तर जमिनीच्या हिशेबाने ८०० च उरतात, म्हणजे ९ तास; परतताना तोच वारा पाठीशी, की सव्वासात. शिवाय तिकिटावरची वेळ गेट ते गेट असते: मुंबईत धावपट्टीपर्यंतची रांग, लंडनच्या हीथ्रो विमानतळावर उतरण्याआधी, विमानांना थांबवून ठेवतात त्या बोव्हिंग्डन किंवा लँबोर्न या ठिकाणांवरच्या घिरट्या, सगळं त्यातच. आणि दोन शहरांच्या घड्याळातला फरक नक्की तपासा, लंडनच्या उन्हाळ्यात साडेचार तास, हिवाळ्यात साडेपाच. इथेच बहुतेकांचा तास चुकतो.