वीस हजारांत इजिप्तचा खरा ताईत: घ्यावा का?

खापरमणी:
परवा निळामणी यांनी नव्या संग्राहकांना सल्ला दिला: 'नाण्यांमागे धावण्यापेक्षा इजिप्तचे ताईत घ्या. फायॉन्सचा (निळ्या झिलईच्या कृत्रिम पदार्थाचा) होरसचा डोळा, म्हणजे होरस देवाच्या डोळ्याचा ताईत, किंवा छोटा स्कॅरब, म्हणजे भुंग्याच्या आकाराचा ताईत, वीस हजारांच्या आत मिळतो. लाखोंनी बनले, संग्रहालयांच्या तळघरांत पेट्या भरून पडलेत. एखादा आपल्या कपाटात आला तर कुणाचं काय बिघडतं?' दोन दिवस गप्प बसले, आता राहवत नाही.

बिघडतं ते असं. १९१६ साली दक्षिण इजिप्तमध्ये नाग अल-हसाया इथे निघालेली एका पोरसवदा मुलाची ममी कैरोच्या संग्रहालयात शंभर वर्षं न उघडता पडून होती. तिच्या सीटी स्कॅनचे निष्कर्ष २०२३ मध्ये छापून आले. कापडाच्या घड्यांत आणि शरीरात मिळून ४९ ताईत, २१ प्रकारचे. छातीच्या पोकळीत सोन्याचा हृदय-स्कॅरब, तोंडात सोन्याची जीभ. मेल्यानंतरच्या न्यायाच्या वेळी हृदयानं मालकाविरुद्ध साक्ष देऊ नये म्हणून स्कॅरब, आणि पलीकडे गेल्यावर बोलता यावं म्हणून जीभ. प्राचीन इजिप्तच्या 'मृतांच्या ग्रंथात', म्हणजे मृतासोबत ठेवायच्या मंत्रांच्या संग्रहात, स्पष्ट सांगितलंय की इसिस देवीची गाठ (गाठीच्या आकाराचा ताईत) लाल जॅस्पर दगडाची करा आणि मृताच्या गळ्याशी ठेवा. जागेला अर्थ होता. हीच ममी १८८० मध्ये कुणी फाडली असती तर आज ४९ कपाटांत ४९ सुटे तुकडे असते आणि त्या मुलाच्या आईबापांनी काय योजलं होतं ते कुणालाच कळलं नसतं.

निळामणी:
तुम्ही मला सरळ थडगेफोड्यांच्या रांगेत बसवलंत. थोडा इतिहासही सांगा ना. इजिप्तमध्ये पुरावस्तूंचा व्यापार पूर्ण बंद झाला तो १९८३ च्या ११७ क्रमांकाच्या कायद्यानं. त्याआधी परवानाधारक दुकानं होती. कैरोच्या संग्रहालयातच विक्रीचं दालन होतं! परदेशी पथकांनी इजिप्तमध्ये केलेल्या उत्खननात निघालेल्या वस्तूंची वाटणी व्हायची, आणि इजिप्तचा हिस्सा काढून उरलेलं सरकारच्या संमतीनं बाहेर जायचं. इंग्रज उत्खननकार फ्लिंडर्स पेट्रींनी १९१४ मध्ये एका पुस्तकात ताईतांचे २७५ प्रकार लावून दाखवले, तेही बरेचसे बाजारातून घेतलेल्या नगांवरून. ते पुस्तक आजही तुमचे पुरातत्त्ववालेच उघडतात.

आणि प्रत्येक ताईत मढ्यावरचा नसतो. बेस आणि तावेरेत या राखणदार देवतांचे ताईत बाळंतिणींच्या, लेकरांच्या गळ्यात असायचे. अमार्ना या प्राचीन शहराच्या जागी पेट्रींना फायॉन्सच्या दागिन्यांचे मातीचे साचे हजारोंनी मिळाले. जिवंत माणसांनी वापरून हरवलेल्या वस्तू आहेत या. माझ्याकडे ११ नग आहेत, १८ वर्षांत पगारातून घेतलेले. दर रविवारी काढून बघतो. मला लुटारू म्हणू नका.

खापरमणी:
लुटारू म्हटलं नाही. पण 'कायदेशीर बाहेर गेले' हे कागदावर कळतं, आणि कागदच खोटे असतात त्याचं काय? न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयानं २०१७ मध्ये नेजेमांख नावाच्या पुजाऱ्याची सोन्यानं मढवलेली शवपेटी सुमारे ४० लाख डॉलरला घेतली. सोबत १९७१ चा निर्यात परवाना होता. तो बनावट निघाला, पेटी इजिप्तमधल्या २०११ च्या उठावाच्या धामधुमीत चोरलेली होती, २०१९ मध्ये परत गेली. त्यांच्याकडे वकील आहेत, अभ्यासक आहेत. तुमच्या वीस हजारांच्या डोळ्याचा कागद कोण तपासणार? की 'जुन्या इंग्लिश संग्रहातून' एवढी एक ओळ पुरते?

जुनाबाजार:
कागदाचं सोडा, आधी वस्तू खरी आहे का ते बघा. मी तीन नग घेतले, दोन खोटे. एक तर राळेचा होता, तापलेली सुई लावल्यावर प्लॅस्टिकचा वास आला. दुसरा फायॉन्सचाच, पण गेल्या दहा-वीस वर्षांतला. फायॉन्स म्हणजे माती नव्हे, कुटलेली गारगोटी, थोडा चुना, खार आणि निळ्या रंगासाठी तांबं. आजही कुणी मन लावून केलं तर तसंच होतं. मला शंका आली ती भोकामुळे. वर्षानुवर्षं दोऱ्यात ओवलेल्या मण्याच्या भोकाची कड झिजून गुळगुळीत होते. माझ्या नगाची कड बोटाला टोचत होती. विक्रेत्यानं पैसे परत दिले नाहीत. तेव्हापासून एकही घेतला नाही आणि नव्यांना 'सुरुवात इथून करा' म्हणणं मला पटत नाही.

मीठमोहरी:
आम्ही लक्सरहून एक स्कॅरब आणला. विकणारा कानात कुजबुजत 'खरा आहे' म्हणत होता. सासूबाईंनी तो घरात घेऊच दिला नाही. मेलेल्याच्या अंगावरचं उंबऱ्याच्या आत नको, म्हणाल्या. नंतर जाणकाराला दाखवला तर नवा, शंखजिऱ्याचा. पण ऐकते की जुने खरे स्कॅरबही शंखजिऱ्यावर झिलई देऊनच बनवायचे. मग आमच्यासारख्यांनी ओळखायचं तरी कसं?

तेरणाकाठ:
तुम्ही इजिप्तवर भांडताय, माझ्या डोळ्यांपुढे धाराशिव जिल्ह्यातलं आमचं तेर येतंय. पाऊस पडून गेला की पांढरीवर, म्हणजे जुन्या वस्तीच्या टेकाडावर, मणी उघडे पडतात. लहानपणी आम्ही खिसे भरून वेचायचो. गावकऱ्यांच्या हातून हे सगळं मुंबई-पुण्याच्या दुकानांत गेलं असतं. रामलिंगप्पा लामतुरे यांनी आयुष्यभर एकेक वस्तू गोळा केली म्हणून आज गावात संग्रहालय उभं आहे. तेही संग्राहकच होते, खापरमणी. उत्खनन करणारे येतात, चार खड्डे खणतात आणि जातात. राखलं कुणी?

खापरमणी:
तेरवर मला शिकवू नका. माझं आजोळ तिथून दोन कोसांवर. आजोबांच्या शेताला लागून टेकाड होतं. एक व्यापारी दर दिवाळीनंतर यायचा, पोरांकडून मूठभर मणी रुपयाला घ्यायचा. मीही विकलेत, नऊ वर्षांची होते. अकीक, स्फटिक, काचेचे बारीक मणी. पुढे पुरातत्त्व शिकले तेव्हा कळलं की मी काय विकलं. ते टेकाड आता सपाट आहे, वर सोयाबीन असतं. तिथे कोण राहत होतं हे आता कधीच कळणार नाही, आणि त्यात माझ्या हातच्या मुठीही आहेत.

तेरणाकाठ:
म्हणजे दोष व्यापाऱ्याचा, लामतुऱ्यांचा नव्हे. दोघांना एका मापात तोलू नका, राग येतो. त्यांनी एक मणी विकला नाही.

निळामणी:
बरोबर. जमवणारा आणि विकणारा वेगळे. मीही आजवर एक नग विकलेला नाही.

खापरमणी:
पण विकत घेतलेत! लामतुऱ्यांनी आपल्याच गावातल्या वस्तू गावातच ठेवल्या, कुठल्या पांढरीवरच्या ते माहीत असताना. तुमचा डोळा साक्काऱ्याचा की अबिडोसचा, सांगता येतं का? तुमच्या वीस हजारांमुळेच पलीकडे कुणीतरी फावडं उचलतो. ऑगस्ट २०१३ मध्ये मिन्या प्रांतातलं मलावीचं संग्रहालय लुटलं गेलं, हजारावर वस्तू गेल्या. छोटी वस्तू खिशात मावते, म्हणून ती आधी जाते.

आणि तेरचाच विषय काढलात तर पूर्ण ऐका. पेरिप्लस या जुन्या ग्रीक सागरी व्यापार-मार्गदर्शिकेतलं तगर म्हणजे आपलं तेर. तो मजकूर लिहिणारा इजिप्तमधूनच व्यापार करणारा ग्रीकभाषी माणूस. तांबड्या समुद्रावरच्या बेरेनिके बंदरात, देवळाच्या आवारात पुरलेल्या भारतीय रांजणात साडेसात किलो मिरी निघाली. तिथे भारतीय मणीही मिळाले. ते भारतातून गेले, पहिल्या शतकाच्या आसपास गेले, हे आपण छाती ठोकून म्हणतो, कारण ते थरातून निघाले, नोंद होऊन निघाले. तेच मणी कैरोच्या दुकानातल्या ताटलीत असते तर 'इजिप्शियन मणी, माळ करून मिळेल' एवढंच झालं असतं.

तेरणाकाठ:
हे मान्य करावं लागतंय. आमच्या संग्रहालयातल्या कितीतरी मण्यांची नेमकी जागा आता कुणी सांगू शकत नाही, हेही खरंय. पण त्यांनी उचलले नसते तर मणीही नसते. माझं म्हणणं मी सोडणार नाही.

खापरमणी:
सोडू नका. लामतुऱ्यांना प्रत्येक वस्तूची जागा माहीत होती असं मी घाईनं बोलले, ते शब्द मागे घेते. व्यापाऱ्याबद्दलचे नाही.

जुनाबाजार:
मूळ प्रश्न राहिला. निळामणी, 'कुणाचं काय बिघडतं' हे वाक्य तुम्ही काढणार का? नवी पोरं तेवढंच वाचतात आणि पैसे पाठवतात.

निळामणी:
काढतो. आवडीनं नाही, पण काढतो. त्याजागी लिहीन की १९८३ च्या आधी इजिप्तबाहेर आल्याचा पक्का पुरावा नसेल तर हात लावू नका. त्यामुळे स्वस्त नगांतले बहुतेक आपोआप बाद होतात, माझ्या ११ पैकी ७ सुद्धा. लिहिताना बरं वाटत नाहीये.

उरलेल्या चारांपैकी एका उशब्तीच्या (थडग्यात ठेवायच्या सेवकाच्या छोट्या मूर्तीच्या) पाठीवर शाईनं काही अक्षरं आहेत. पहिल्या मालकानं घातलेला क्रमांक असेल असं समजत होतो.

खापरमणी:
थांबा, ती अक्षरं पुसू नका, धुऊ तर मुळीच नका. उत्खननात निघालेल्या वस्तूंवर शाईनं थडग्याची खूण लिहायची पद्धत होती. इजिप्तमध्ये उत्खनन करणाऱ्या इजिप्त एक्सप्लोरेशन सोसायटी या ब्रिटिश संस्थेच्या, वस्तू कुणाला दिल्या त्या वाटपाच्या याद्या अभ्यासकांना बघता येतात. खूण जुळली तर तुमची उशब्ती कुठल्या थडग्यातली आणि कुठल्या वर्षीची तेही कळू शकेल. तिरप्या उजेडात फोटो काढा, शेजारी पट्टी ठेवा.

निळामणी:
मुलगी झोपली की काढतो. काळी शाई आहे, पुसट. पहिलं अक्षर डी असावं, पुढे आकडे.