'लायन किंग'चं नाटक पाहावं का? सोसायटीच्या ग्रुपवरची चर्चा

ए-३०४ काकू: नमस्कार मंडळी 🙏 मे महिन्यात आम्ही दोघं लेकीकडे लंडनला जाणार आहोत. ती 'द लायन किंग'च्या नाटकाची तिकिटं काढू का म्हणून मागे लागली आहे. नातू ७ वर्षांचा, नात ४ ची. सिनेमा पोरांना तोंडपाठ आहे, मग तेच पाहायला एवढे पैसे घालायचे का? ग्रुपवर नाटकातलं कळणारे आहेत, सांगा न.

बी-४०३ दादा: काकू, कार्टूनवरून केलेलं नाटक म्हटलं की आधी सावध व्हावं. सिनेमा चालला म्हणजे नाटक चालेलच असं नसतं. 'टारझन' २००६ ला न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवर आलं आणि ४८६ प्रयोगांत उतरलं. 'श्रेक' ४४१ प्रयोग, 'लिटल मर्मेड' ६८५. ऐकायला मोठे आकडे वाटतात, पण तिथं आठवड्याला ८ प्रयोग होतात. ४८६ म्हणजे जेमतेम सव्वा वर्ष.

बी-२०२ ताई: आकडे बरोबर आहेत दादा, पण ती का उतरली तेही पाहू. 'लिटल मर्मेड'मध्ये पाण्याखालचं जग दाखवायचं होतं, म्हणून नटांच्या बुटांना चाकं लावली. पाण्यात पोहणं हे वरखाली तरंगणं असतं. चाकांवर माणूस फक्त आडवा सरकतो, त्यामुळे समुद्र काही उभा राहिला नाही. 'टारझन'मध्ये नट दोरांवर झोके घेत होते. पहिल्या दोन झोक्यांना लोक थक्क होतात, दहाव्याला नाही, कारण त्या झोक्यानं गोष्ट पुढे सरकत नाही. दोन्हीकडे पडद्यावरचं चित्र जसंच्या तसं मंचावर आणायचा प्रयत्न झाला.

'लायन किंग'मध्ये दिग्दर्शक ज्युली टेमोर यांनी उलटं केलं. प्राणी खरा वाटावा म्हणून आतला माणूस लपवला नाही. सिंहाचा मुखवटा चेहऱ्यावर नसून डोक्याच्या वर आहे. नटाचा चेहरा पूर्ण उघडा, आणि वर सिंहाचं तोंड. दोन्ही एकाच वेळी दिसतात आणि पाच मिनिटांत डोळा दोघांना एक करून टाकतो. हे सिनेमात होऊच शकत नाही. म्हणून 'तेच पाहायचं का' याचं माझं उत्तर: गोष्ट तीच आहे, पाहायची गोष्ट वेगळी आहे. जरूर जा.

ए-३०४ काकू: डोक्यावर मुखवटा म्हणजे जड होत नाही का? एवढा वेळ नाचायचं, गायचं.

सी-१०१ भाऊ: कार्बन फायबरचे आहेत काकू. सिंहराजा मुफासाचा मुखवटा ११ औंस, म्हणजे अंदाजे ३१० ग्रॅम. त्याच्या दुष्ट भावाचा, स्कारचा ९ औंस, राणी साराबीचा फक्त ४, म्हणजे आपल्या सव्वाशे ग्रॅमच्याही आत. मुफासा आणि स्कार यांचे मुखवटे यंत्रानं हलतात. नट पुढे झुकला की मुखवटा डोक्यावरून खाली चेहऱ्यासमोर येतो आणि सिंह अंगावर आल्यासारखा वाटतो. त्याची कळ नटाच्या हातात असते. भांडणाच्या प्रवेशात हे नीट पाहा.

जिराफ म्हणजे हातापायांना उंच काठ्या बांधून चाललेला एक माणूस, उंची १४ फूट. हत्तीच्या आत चार माणसं, एकेका पायात एक. आणि सगळ्यात लहान प्राणी म्हणजे स्कारच्या काठीच्या टोकावरचा ५ इंचांचा उंदीर. नातवाला तो शोधायला सांगा.

मुखवटे आणि बाहुल्या टेमोर यांनी मायकेल करी यांच्यासोबत केल्या. त्या आधी इंडोनेशियात काही वर्षं राहून काम करत होत्या. तिथल्या छायाबाहुल्यांचा हात यात जागोजागी दिसतो.

बी-४०३ दादा: पण बाहुल्या पाहायला अडीच तास? सिनेमा ८८ मिनिटांचा आहे. वरचा तास कुठून आणला?

बी-२०२ ताई: चांगला प्रश्न. मध्यंतर धरून अडीच तास होतात. सिनेमात एल्टन जॉन आणि टिम राइस यांची ५ गाणी होती, नाटकासाठी त्यांनी ३ नवी केली. शिवाय दक्षिण आफ्रिकेचे संगीतकार लेबो एम यांचं समूहगायन खूप वाढवलं आहे. रफिकी हे वानर सिनेमात पुरुष आहे, नाटकात बाई आहे. मूळ गोष्टीत बायकांना ताकदीची भूमिका नव्हती, म्हणून टेमोर यांनी तो बदल केला. नाला या सिंहिणीलाही स्वतःचं गाणं मिळालं आहे.

सगळंच घट्ट नाही, हेही सांगते. मुफासाचा छावा सिम्बा, त्याचे मित्र टिमोन-पुम्बा यांचे विनोद दुसऱ्या अंकात लांबतात आणि सिम्बा परत निघेपर्यंत गती बसते. लहान मुलं तिथंच चुळबुळ करायला लागतात. पण त्याच अंकात मुफासाचा चेहरा वेगवेगळ्या तुकड्यांतून जुळून अंधारात उभा राहतो, त्या एका क्षणासाठी ते सोसावं.

आणि दुष्काळ कसा दाखवला आहे माहिती आहे? मंचावर निळ्या रेशमी कापडाचं गोल तळं. ते मधल्या छोट्या भोकातून हळूहळू खाली ओढून घेतात. तळं आटत जातं आणि कापडाचा शेवटचा कोपरा नाहीसा होतो. यंत्र नाही, पडद्यावरचं चित्र नाही. सिंहिणी रडतात तेव्हा डोळ्यांतून पांढऱ्या फिती ओढून काढतात. उन्हाळ्यात तलावांची पातळी उतरताना पाहणाऱ्या आपल्या विदर्भातल्या माणसाला ते तळं फार लागतं.

सी-१०१ भाऊ: रानम्हशींची चेंगराचेंगरी तर पाठ्यपुस्तकात घालावी अशी आहे. लांब क्षितिजावर कापडाच्या गुंडाळीवर रंगवलेले बारीक प्राणी. त्यांच्या पुढे फिरत्या रोलरवर जरा मोठे. सगळ्यात पुढे हातात मोठे मुखवटे घेतलेली माणसं. लहानापासून मोठ्यापर्यंतचे थर एकामागे एक हलले की कळप दरीतून आपल्याकडे येतोय असं वाटतं. नेपथ्यातला हा जुनाच नियम आहे, इथं तो पूर्ण वापरला आहे.

ए-५०१ सर: गाण्याबद्दल थोडं. पहिली आरोळी झुलू भाषेत आहे. एकूण सहा आफ्रिकी भाषा वापरल्या आहेत, म्हणून शब्द कळले नाहीत तर घाबरू नका, तिथल्या प्रेक्षकांनाही कळत नाहीत. सुरुवातीचं गाणं आपल्या संगीत नाटकातल्या नांदीसारखं समजा. पात्रांची ओळख, जागेचा मंत्र आणि प्रेक्षकाला आत ओढणं, तिन्ही त्यात होतं. तालवाद्यांचे दोन वादक बाजूच्या बॉक्समध्ये बसतात. त्यांच्याकडे कान द्या, अर्धं जंगल तेच उभं करतात.

एक फरक मात्र लक्षात असू द्या. वन्समोर नाही. प्रत्येक दिवा, प्रत्येक पडदा स्वरांच्या मोजमापावर सुटतो. गायकाला एक आवर्तन वाढवायची मुभा नसते. आपल्या पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीच्या नाटकात, गडचिरोलीतल्या वडशाकडे, प्रेक्षकांनी शिट्टी दिली की ऑर्गनवाला पुन्हा सुरू करतो, रात्रभर ती देवाणघेवाण चालते. तसली मोकळीक इथं शोधू नये.

ए-३०४ काकू: छान समजलं सर. आता बसायचं कुठं? लेक म्हणते खाली स्टॉल्समध्ये वाटेच्या कडेची खुर्ची घेऊ, प्राणी अगदी जवळून जातात.

सी-१०१ भाऊ: बरोबर म्हणते. सुरुवातीला प्राणी प्रेक्षकांमधल्या वाटांवरून मंचाकडे जातात. कडेची खुर्ची मिळाली तर मुलाच्या हाताच्या अंतरावरून जातात.

बी-२०२ ताई: भाऊ, ते दहा मिनिटांचं सुख आहे. उरलेले दोन तास ७ वर्षांच्या मुलासमोर पुढच्या माणसाचं डोकं. आणि तळं, जमिनीवरची आखणी, डोक्यावर गवत घेऊन चालणारी माणसं हे सगळं वरून उलगडतं. मी रॉयल सर्कल म्हणेन, म्हणजे पहिली बाल्कनी, मधला भाग. पहिली रांग मात्र नको, कठड्याची दांडी बरोबर मुलाच्या डोळ्यांच्या उंचीला येते. दुसरी किंवा तिसरी घ्या. स्टॉल्समध्येच घ्यायचं तर अगदी मागे जाऊ नका. वरच्या बाल्कनीचं छत मंचाचा वरचा भाग कापतं, आणि या नाटकात उंचीला फार महत्त्व आहे.

सी-१०१ भाऊ: दांडीचं पटलं. लहान मूल सोबत असेल तर ताईंचं ऐका. दोघंच मोठे जात असाल तर मी अजूनही कडेची खुर्ची म्हणेन.

डी-२०४ ताई: काकू, सगळ्यात वरचं ग्रँड सर्कल स्वस्त असतं, पण पायऱ्या उभ्या आहेत. काकांच्या गुडघ्यांना नको. तिकिटावर 'रिस्ट्रिक्टेड व्ह्यू' लिहिलेलं असेल तर ते घेऊ नका, खांब किंवा कठडा मधे येतो.

थिएटरचं नाव लायसियम, वेलिंग्टन स्ट्रीटवर, स्ट्रँडच्या जवळ. १९९९ पासून तिथंच चालू आहे. कॉव्हेंट गार्डन स्टेशनवर उतरलात तर लिफ्टनंच वर या. तिथला जिना १९३ पायऱ्यांचा आहे. लिफ्टसमोर रांग पाहून लोक जिना धरतात आणि अर्ध्यावर दम लागून थांबतात. नाही तर चेरिंग क्रॉसला उतरून स्ट्रँडनं सरळ चालत या.

तिकिटं नाटकाच्या अधिकृत साइटवरूनच काढा. लेस्टर स्क्वेअरच्या आजूबाजूला 'अर्ध्या दरात' अशा पाट्या लावलेली बरीच दुकानं आहेत. त्या चौकातलं अधिकृत केंद्र 'टीकेटीएस' एकच. दर दिवसागणिक बदलतात. मेच्या शेवटच्या आठवड्यात तिथल्या शाळांना हाफ-टर्मची सुट्टी असते, तो आठवडा टाळा. त्याआधीचा मधला वार बघा.

ए-३०४ काकू: आणि धाकटी? ४ वर्षांची आहे. तिला नेलं तर चालेल का?

डी-२०४ ताई: ३ वर्षांखालच्या मुलांना आत घेत नाहीत. त्यांची शिफारस ६ वर्षं आणि वरच्यांसाठी आहे. म्हणजे तिला सोडतील, पण विचार करा.

बी-२०२ ताई: मी नको म्हणेन. पहिला अंक साधारण सव्वा तास सलग आहे. त्यात हत्तींच्या स्मशानाचा प्रवेश, तरस प्रेक्षकांकडे तोंड करून हसतात, आणि मग मुफासाचा मृत्यू. घरी सिनेमात मूल घाबरलं की आपण थांबवतो, आवाज कमी करतो. इथं ते हातात नसतं. आणि दोन हजारांच्या आसपास माणसं असलेल्या अंधारात रडणारं मूल घेऊन रांगेतून बाहेर पडणं म्हणजे तुम्ही दोघंही मुकलात.

तिच्यासाठी 'फ्रोझन'चा पर्याय आहे. लंडनचा प्रयोग २०२४ च्या सप्टेंबरात संपला, पण त्याचं चित्रीकरण २०२५ साली ओटीटीवर आलं. घरी तुकड्यातुकड्यांनी दाखवा. पहिल्या अंकाच्या शेवटी एल्साचा पोशाख उघड्या मंचावर क्षणात बदलतो, तो तिला पुन्हापुन्हा लावून देता येईल.

बी-४०३ दादा: मी माझा मुद्दा थोडा मागे घेतो. 'टारझन'सुद्धा पुढे हॅम्बुर्गमध्ये २००८ पासून काही वर्षं चाललं, म्हणजे शहर बदललं की नशीबही बदलतं. पण 'लायन किंग' १९९७ पासून ब्रॉडवेवर अजून चालू आहे, १९९८ ला ६ टोनी पुरस्कार मिळाले, त्यात दिग्दर्शनाचाही. संगीत नाटकासाठी तो मिळवणाऱ्या टेमोर पहिल्या स्त्री. काकू, याला पैसे घाला.

ए-२०१ वहिनी: हे नागपूरला कधी येईल? सुरेश भट सभागृह काय लहान आहे का?

सी-१०१ भाऊ: खुर्च्यांचा प्रश्नच नाही वहिनी. रेशीमबागेत जवळपास दोन हजार माणूस बसतो. अडचण मंचाच्या वर आणि बाजूला असते. पडदे नि नेपथ्य सरळ वर ओढून घ्यायला मंचाइतकीच उंची आणखी वर लागते. खाली भोक पाडता येईल असा मंच लागतो. १४ फुटी जिराफ विंगेतून वाकून येऊ शकत नाही. आणि आपल्याकडे सभागृह सकाळ-दुपार-संध्याकाळ अशा सत्रांनी भाड्यानं मिळतं, या नाटकाला उभारणीलाच कितीतरी दिवस लागतात. म्हणून फिरत्या प्रयोगात प्राइड रॉक, म्हणजे सिंहांचा कडासुद्धा जमिनीतून वर येत नाही, विंगेतून आत ढकलतात.

भारतात 'ब्यूटी अँड द बीस्ट' २०१५ ला मुंबईत वरळीच्या एनएससीआय डोममध्ये झालं, तेही खेळाच्या बंदिस्त स्टेडियममध्ये मंच बांधून. 'अलादीन' २०१८ ला मुंबईतच एनसीपीए या नाट्यगृहात. दोन्हींत भारतीय कलाकार होते. आता २०२३ पासून मुंबईत बीकेसीत अंबानी सेंटरचं २००० खुर्च्यांचं थिएटर आहे, तिथं बाहेरची नाटकं येतात. तसं काही लागलं तर दुरांतोनं रात्री निघून सकाळी सीएसएमटी. आपल्यासाठी सध्या तोच रस्ता.

ए-३०४ काकू: मग ठरलं. नातू आणि आम्ही दोघं, बुधवार दुपारचा प्रयोग, रॉयल सर्कल तिसरी रांग. धाकटी आईजवळ. लेकीला आत्ताच कळवते. अजून काही?

डी-२०४ ताई: अर्धा तास आधी पोचा, दारावर बॅगा तपासतात. नातवासाठी बूस्टर उशी दारावरच मागा, आत गेल्यावर उरत नाही. फोटो-व्हिडिओला बंदी आहे, काकांना आधीच सांगून ठेवा.

बी-२०२ ताई: आणि उशीर अजिबात नको काकू. पहिल्या गाण्यात वाटा प्राण्यांच्या असतात, उशिरा आलेल्याला बाहेर थांबवतात. तिथं चुकलं की तिकिटाचा मोठा हिस्सा गेला. आदल्या आठवड्यात नातवाला सिनेमा दाखवू नका, नाही तर तो चुका शोधत बसेल. त्यापेक्षा घरी पुठ्ठ्याचा मुखवटा करून डोक्यावर बांधायला द्या, म्हणजे तिथं त्याला कळेल की काय पाहायचं.

आणि पहिलं गाणं सुरू झालं की त्याला मंचाकडे न बघता खाली वाटेकडे पाहायला सांगा. तुमच्या रांगेच्या खालूनच हत्ती बाहेर निघतो.