शब्दचर्चा: ‘वारस’, ‘इतर हक्क’ आणि ‘नाव लागणं’

सुरंगी (मालवण)
‘वारस’ म्हणजे मयताच्या मालमत्तेचा हक्कदार. या अर्थात बाई-पुरुष असा भेद कुठेच नाही. बोलताना मात्र आपल्याकडे वारस म्हणजे मुलगा. ‘तेका वारस नाय, तीन चेडवाच आसत’ (चेडवा म्हणजे मुली) हे वाक्य कुणालाच खटकत नाही. मला विचारायचं आहे ते असं, की बोलण्यातला हा अर्थ सातबाऱ्यावर कसा उतरतो? आणि जुन्या उताऱ्यांवर बहिणींची नावं ‘इतर हक्कात’ दिसतात, त्यातल्या ‘इतर’चा नेमका अर्थ काय?

गावनमुना (रत्नागिरी)
कायद्यातला वारस आणि वाडीतला वारस हे दोन वेगळे शब्द आहेत असंच समजा. हिंदू उत्तराधिकार कायदा 1956 चा. त्यात मुलगा, मुलगी, विधवा आणि मयताची आई हे सगळे पहिल्या वर्गातले वारस, वाटा सारखा. स्वकष्टार्जित 40 गुंठे जमीन ठेवून माणूस मृत्युपत्र न करता गेला आणि मागे बायको, दोन मुलगे, दोन मुली असतील तर पाच वाटे, प्रत्येकी 8 गुंठे. त्याची आई हयात असेल तर वाटे सहा. मुलीचं लग्न झालं म्हणून यातला एक गुंठाही कमी होत नाही.

आता ‘इतर हक्क’. गाव नमुना 7 मध्ये, म्हणजे सातबाऱ्याच्या सातमध्ये, भोगवटादाराचा (जमीन धारण करणाऱ्याचा) रकाना असतो, जुन्या उताऱ्यावर त्याला ‘कब्जेदार’ म्हणत. दुसरीकडे ‘कुळ, खंड व इतर अधिकार’. त्या दुसऱ्या रकान्यात काय काय येतं ते वाचा: सोसायटीच्या कर्जाचा बोजा, बँकेचा बोजा, विहिरीच्या पाण्याचा हक्क, पायवाट. आणि त्याच रांगेत पोटच्या मुलीचं नाव! जुन्या फेरफारांत (उताऱ्यावरच्या हक्कबदलाच्या नोंदींत) वाक्य ठरलेलं असे, ‘मुली लग्न होऊन सासरी नांदत आहेत, सबब त्यांची नावे इतर हक्कात दाखल’. या ‘सबब’ला, म्हणजे ‘म्हणून’ला, कायद्याचा आधार नाही. इतर हक्कात नाव गेलं म्हणून तिचा वाटा बुडत नाही, कारण फेरफाराने मालकी निर्माणही होत नाही आणि संपतही नाही. नुकसान होतं ते रोजच्या व्यवहारात. 8अ चं, म्हणजे खातेउताऱ्यावरचं, खातं भोगवटादाराच्या नावाने निघतं. पीककर्ज, पीएम किसानचे वर्षाचे 6000, वादळानंतरचा पंचनामा, सगळं खात्यावरून चालतं.

पोफळी (श्रीवर्धन)
पंचनाम्याबद्दल जोडते. 3 जून 2020 ला निसर्ग वादळाने श्रीवर्धन, मुरूड, दापोलीकडच्या नारळी-पोफळी आडव्या केल्या. सामाईक खात्यावर मदत काढायची तर बाकीच्या सहहिस्सेदारांचं संमतीपत्र लागतं. बागेला शिंपणं करणारी, सुपारी सोलणारी विधवा भावजय खातेदार नसेल तर तिच्या संमतीला कुणी विचारत नाही आणि पैसेही तिच्या खात्यात येत नाहीत. म्हणून मला ‘शेतकरी’ हा शब्दही इथे तपासावासा वाटतो. तरवा काढणं, लावणी, बेणणी, काजूबिया वेचणं ही कामं बहुतेक बायकाच करतात, पण दप्तरी शेतकरी म्हणजे खातेदार. 2015-16 च्या कृषी गणनेत देशातल्या वहितीधारकांत बायका सुमारे 14 टक्के होत्या, आणि तोही आकडा वहिवाटीचा, मालकीचा नव्हे.

तिठ्यावरचा (कुडाळ)
क्रियापदंही बघा. नाव ‘लागतं’, ‘चढतं’, ‘कमी होतं’. ‘बहिणींची नावं कमी केली’ हे इतकं सहज म्हटलं जातं की हक्क काढून घेतला असं ऐकणाऱ्याला वाटतच नाही. तसाच दुसरा शब्द ‘हक्कसोड’. बहिणीने ‘सोडला’ म्हणतात, पण बऱ्याच जुन्या फेरफारांत आहे तो तलाठ्यापुढचा नुसता जबाब: ‘आम्हास हिस्सा नको’. त्याला हक्कसोडपत्र म्हणता येईल का?

गावनमुना (रत्नागिरी)
नाही. स्थावर मिळकतीतला हक्क सोडायचा तर दस्त नोंदवलेलाच हवा. जबाब म्हणजे हक्कसोडपत्र नव्हे. दस्त करतानाच्या चुकाही शब्दांच्याच असतात. हक्कसोड फक्त सहहिस्सेदाराच्या लाभात होते. भाचा अजून हिस्सेदार नसेल तर त्याच्या नावे केलेला दस्त बक्षीसपत्र ठरतो आणि मुद्रांक शुल्क बदलतं. कुणाच्या लाभात ते लिहिलंच नाही तर सोडलेला वाटा उरलेल्या सगळ्यांत विभागला जातो. आईच्या पाठीशी राहायचं असेल तर ‘आईच्या लाभात’ असं स्पष्ट लिहावं. वडिलोपार्जित मिळकत मोबदल्याशिवाय जवळच्या नात्यात सोडताना मुद्रांक ऑक्टोबर 2024 पासून 500 रुपये आहे. दस्त इतका स्वस्त, म्हणून सही करण्याआधी गट नंबर आणि क्षेत्र दोनदा वाचावं. एका गटासाठी म्हणून सांगितलेल्या दस्तात ‘व इतर सर्व मिळकती’ हे चार शब्द घुसले तर घरही जातं.

सुरंगी (मालवण)
वंशावळीत मुली दाखवतच नाहीत, तिथून सगळं सुरू होतं असं दिसतं. आणि ‘एकुमॅ’ लिहिलेलं असेल तर?

गावनमुना (रत्नागिरी)
एकुमॅ म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर. काही ठिकाणी एकुपु, एकत्र कुटुंब पुढारी. थोरल्या भावाच्या नावामागे हे अक्षर असेल तर तो एकटा मालक नाही, सगळ्यांच्या वतीने नाव आहे, एवढाच अर्थ. नवा उतारा तयार होताना ही अक्षरं गळली की थोरला मालक भासतो. म्हणून आधी जुना हस्तलिखित सातबारा आणि मूळ फेरफार काढायचा. त्यात एकुमॅ दिसलं की सर्व वारसांच्या नावांसाठी अर्ज करता येतो.

वंशावळ म्हणजे वंश चालवणाऱ्यांची यादी, हा समज मुळात सोडायला हवा. वारस नोंदीला लागते ती वारसांची यादी. क्रम असा: मृत्यूचा दाखला, सगळ्या वारसांची नावं असलेलं प्रतिज्ञापत्र, तलाठ्याकडे अर्ज. कायद्याने वर्दी तीन महिन्यांत द्यायची. मग फेर पडतो, हितसंबंधितांना नोटीस जाते, हरकतीला 15 दिवस, त्यानंतर मंडळ अधिकारी फेर मंजूर करतात. मुलीचं नाव वगळलेलं असेल तर हरकत या 15 दिवसांतच नोंदवलेली बरी. फेर मंजूर झाला तर उपविभागीय अधिकाऱ्यांकडे 60 दिवसांत अपील. खुद्द हिश्शाचाच वाद असेल तर मात्र दिवाणी न्यायालयात वाटपाचा दावा.

फेर अडकतो तो बहुतेक वेळा नावावरून. माहेरच्या कागदावर एक नाव, आधारवर सासरचं. प्रतिज्ञापत्रात दोन्ही नावं ‘ऊर्फ’ लावून लिहावीत आणि विवाहाचा पुरावा जोडावा.

तिठ्यावरचा (कुडाळ)
‘2005 च्या आधी वडील वारले म्हणून मुलीला काही नाही’ हे वाक्य तिठ्यावर अजून ऐकू येतं.

गावनमुना (रत्नागिरी)
ते चूक आहे. उत्तराधिकार कायद्यातल्या दुरुस्तीने 9 सप्टेंबर 2005 पासून मुलगी वडिलोपार्जित मिळकतीत जन्मापासून सहदायाद, म्हणजे मुलासारखीच हिस्सेदार, आणि त्या दिवशी वडील हयात असण्याची गरज नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 11 ऑगस्ट 2020 ला विनीता शर्मा खटल्यात स्पष्ट केलं. अट एकच: 20 डिसेंबर 2004 च्या आधी झालेली वाटणी किंवा विक्री उलटत नाही. तोंडी वाटणीचा दावा मात्र न्यायालय सहजी मानत नाही. हे सगळं हिंदू कायद्यापुरतं. कोकणी मुसलमान आणि ख्रिस्ती कुटुंबांचे वारसा नियम वेगळे.

पोफळी (श्रीवर्धन)
‘चोळीबांगडी’ हाही शब्द या चर्चेत हवा. विधवेच्या गुजराणीला तोडून दिलेल्या तुकड्याला चोळीबांगडीची जमीन म्हणतात, आणि ती तिच्या हयातीपुरती असं समजतात. 1956 च्या कायद्याच्या कलम 14 ने गुजराणीच्या हक्कापोटी मिळालेल्या अशा जमिनीची ती पूर्ण मालक होते. तुलसम्मा खटल्यातला सर्वोच्च न्यायालयाचा 1977 चा निकालही तेच सांगतो.

सुरंगी (मालवण)
म्हणजे उतारा हातात आला की आधी रकाना बघायचा, मग नाव. आमच्याकडच्या दोन सामाईक गटांचे जुने फेर काढायला टाकते. ‘सबब’ कुठे कुठे आहे ते इथेच लिहीन.