मुलासोबत मॅच बघायची तर सट्ट्याच्या जाहिराती का बघाव्या लागतात?

यारातीर (मेलबर्न)

आज मेलबर्न कप, घोड्यांची मोठी शर्यत. नोव्हेंबरचा पहिला मंगळवार, शहराला सरकारी सुट्टी. ऑफिसातल्या स्वीपचे (चिठ्ठ्या काढून घोडे वाटून घ्यायची पैज) पाच डॉलर मी गेली बारा वर्षं न चुकता भरत आलो. २०२५च्या या कपाला भरले नाहीत. कारण सांगतो.

शुक्रवारी एमसीजीवर भारताची टी-ट्वेंटी झाली. आम्ही घरीच बघत होतो. आपला डाव १२५ वर आटोपला, एकटा अभिषेक शर्मा ६८ करून लढला. मी हळहळत होतो, तेवढ्यात माझा अकरा वर्षांचा मुलगा म्हणाला, "बाबा, अभिषेक टॉप स्कोअरर होईल म्हणून कोणी दहा डॉलर लावले असते तर किती मिळाले असते, सांगू?" आणि त्याने आकडा सांगितला. शाळेतले अपूर्णांक त्याला अजून नीट जमत नाहीत. आमच्या घरात कोणी कधी सट्टा लावलेला नाही. हे सगळं त्याने जाहिरातींमधून उचललं आहे.

नियम आहे. सकाळी ५ ते रात्री ८:३० या वेळेत लाइव्ह खेळ चालू असताना, त्याच्या पाच मिनिटं आधी आणि नंतर, सट्ट्याची जाहिरात दाखवायची नाही. हा नियम २०१८ साली आला. पण शुक्रवारची मॅच सव्वासातला सुरू झाली. साडेआठ वाजले की दार उघडं, आणि दुसरा डाव जवळजवळ सगळा त्यानंतरच असतो. मुलं काय साडेआठच्या ठोक्याला झोपतात? तेही भारताची बॅटिंग कोसळत असताना?

२०२३च्या जूनमध्ये पीटा मर्फी यांच्या संसदीय समितीने ३१ शिफारशी केल्या. ऑनलाइन सट्ट्याच्या सगळ्या जाहिराती तीन वर्षांत टप्प्याटप्प्याने बंद करा, ही त्यातली मुख्य. मर्फी सत्ताधारी लेबर पक्षाच्याच खासदार, समितीत विरोधकही होते, आणि अहवाल एकमताचा होता. त्याच डिसेंबरात वयाच्या पन्नाशीत मर्फी कर्करोगाने गेल्या. २०२४ मध्ये सरकारने तासाला दोन जाहिराती असा अर्धामुर्धा तोडगा पुढे केला आणि तोही निवडणुकीनंतर बघू म्हणून बाजूला ठेवला. निवडणूक २०२५च्या मे महिन्यात झाली. लेबरला १५० पैकी ९४ जागा मिळाल्या. आता कोणाची भीती आहे?

---

लेगस्पिन (ब्रिस्बेन)

यारातीर, मुलाचं ऐकून मलाही वाईट वाटलं. पण तुमच्याशी सहमत नाही.

मी सट्टा लावतो. शनिवारी वीस डॉलर, त्याहून जास्त कधीच नाही. नोकरी करतो, कर भरतो, घराचा हप्ता भरतो. या देशात मोठ्या माणसाने आपल्या पैशाचं काय करावं हे सरकार आणखी किती ठरवणार? सायकलला हेल्मेट सक्तीचं, पब कधी बंद करायचा ते सरकार ठरवणार, मत दिलं नाही तर वीस डॉलर दंड. प्रत्येक गोष्टीला कारण आहे, हे मान्य. पण कारणं जमवत गेलं की माणसाला स्वतःचं असं काही उरत नाही.

दुसरं, पैज इथल्या खेळाच्या रक्तात आहे. मेलबर्न कप १८६१ पासून चालू आहे. अँझॅक डेला, म्हणजे सैनिकांच्या स्मृतिदिनी, पबमध्ये नाणी उडवून टू-अप खेळतात, त्या दिवशी ते कायदेशीर असतं. १९८१ मध्ये हेडिंग्लेवर ऑस्ट्रेलियाच्या लिली आणि मार्श यांनी आपल्याच टीमच्या विरोधात ५००ला १ या भावाने पैज लावली आणि जिंकली, लोक अजून ती गोष्ट सांगतात. जाहिरात आली आणि मग सट्टा आला, असं इथे झालेलं नाही.

तिसरं, पैसा. फुकट दिसणारा टीव्ही जाहिरातींवर चालतो. त्या गेल्या की क्रिकेट आणखी पैसे भरायच्या वाहिन्यांवर जाणार. आजही भारताविरुद्धच्या वनडे आणि टी-ट्वेंटी बघायला महिन्याचं सबस्क्रिप्शन लागतं, म्हणजे निम्मं क्रिकेट आधीच गेलं आहे. उरलेलंही घालवायचं का?

---

दोन मुलींची आई (ॲडलेड)

लेगस्पिन, तुमच्या वीस डॉलरला कोणी हात लावत नाही. ॲप तुमच्या फोनवर राहीलच. प्रश्न माझ्या मुलींच्या डोळ्यांसमोर काय येतं याचा आहे.

सरकारला घाई करता येत नाही असंही नाही. सोळा वर्षांखालच्या मुलांना सोशल मीडियाची खाती बंद, हा कायदा २०२४च्या नोव्हेंबरात मांडल्यावर आठवड्याभरात मंजूर झाला. १० डिसेंबर २०२५ पासून तो लागू. मी त्याच्या बाजूने आहे. पण मग थोरलीने मला विचारलं की फोटो टाकणं तिला घातक आणि सट्ट्याची जाहिरात बघणं चालतं, असं कसं? ती चौदा वर्षांची आहे. मला उत्तर देता आलं नाही, आणि सरकारकडे ते आहे असंही मला वाटत नाही.

---

पॅरामॅटाकर (सिडनी)

तुम्ही सगळे टीव्हीकडे बघताय आणि पैसा भलतीकडूनच जातोय. हा देश वर्षाला २५ अब्ज डॉलरच्या वर जुगारात हरतो, माणशी हिशेब केला तर जगात पहिला. त्यातला निम्म्याच्या आसपास जातो पोकीजमध्ये, म्हणजे पब आणि क्लबातल्या त्या बटणं दाबायच्या मशिनींमध्ये. आमच्या एकट्या न्यू साउथ वेल्समध्ये ती नव्वद हजारांच्या घरात आहेत. १९५६ पासून क्लबांना परवानगी आहे, पबांना १९९७ पासून. क्रिकेटच्या जाहिराती उद्या बंद केल्या तरी या मशिनींचं एक बटणसुद्धा हलणार नाही.

आणि त्यांना हात लावायला गेलं की काय होतं, ते दोनदा बघितलं आहे. २०१० मध्ये पंतप्रधान गिलार्ड यांचं सरकार काठावर होतं. अपक्ष खासदार अँड्र्यू विल्की यांनी पाठिंबा दिला तो एका अटीवर: खेळायच्या आधी माणसाने आपली हरायची मर्यादा ठरवून द्यायची, अशी सोय मशिनींवर सक्तीची करा. क्लबांनी देशभर मोहीम उघडली आणि २०१२च्या जानेवारीत सरकारने शब्द फिरवला. पुढे २०२३ मध्ये आमच्याकडे राज्याचे प्रीमियर (मुख्यमंत्री) पेरोटे यांनी रोख पैसे बंद, कार्डावरच खेळायचं, असं वचन देऊन निवडणूक लढवली. हरले. हरण्याची कारणं बरीच होती. पण पुढच्या माणसाने त्यातून काय धडा घेतला असेल, ते सांगायला नको.

एक अवघड गोष्टही सांगतो. आमच्या मंडळाचा गणपती आठ वर्षं एका क्लबच्या हॉलमध्ये होतो. हॉल प्रशस्त, पार्किंग मोफत, भाडं नावाला. आरतीला जाताना दोन्ही बाजूंनी त्या मशिनींचा आवाज येतो. मुलांना "तिकडे बघू नका" म्हणत पुढे नेतो. भाडं नावाला का, हे आम्हा सगळ्यांना कळतं.

---

पर्थची माई

पॅरामॅटाकर, आमच्याकडे या म्हणजे दिसेल. वेस्टर्न ऑस्ट्रेलियात पोकीज फक्त पर्थच्या एका कॅसिनोत आहेत. पबमध्ये नाहीत, क्लबात नाहीत. पब चालतात, क्लबही चालतात, मुलं शनिवारी फुटी (इथला ऑस्ट्रेलियन फुटबॉल) खेळतात, लॉन बोल्सवाले म्हातारे भांडतात. मी इथे छत्तीस वर्षं आहे. मशिनी नाहीत म्हणून माझ्या ओळखीतला एकही क्लब बंद पडलेला नाही.

पण टीव्हीवरची जाहिरात क्षुल्लक आहे, हे मला पटत नाही. गेल्या वर्षी आमच्याकडे एक मुलगा भाड्याने राहत होता. नाशिककडचा, इथे मास्टर्स करायला आलेला. नाव सांगत नाही. सरळ मुलगा, एकादशी करणारा. मित्रांबरोबर फुटी बघता बघता मल्टी लावायला लागला. मल्टी म्हणजे एकाच मॅचमधल्या चार-पाच गोष्टींची माळ: हा इतके गोल मारेल, तो इतके झेल घेईल, हे इतक्या फरकाने जिंकतील. सगळं जमलं तर मोठी रक्कम, एक मणी निसटला तर शून्य. पाच डॉलरपासून सुरुवात झाली. शेवटी दुसऱ्या सेमिस्टरची फी गेली.

त्याने थांबायचं ठरवलं की फोनवर संदेश यायचा: तुझ्या खात्यात पन्नास डॉलरची बोनस बेट टाकली आहे. मी स्वतः बघितलंय. दारू सोडणाऱ्याच्या दारात रोज सकाळी बाटली ठेवावी, तसं. बेटस्टॉप म्हणून सरकारी यादी आहे, २०२३च्या ऑगस्टपासून. तिथे नाव घातलं की परवानाधारक कंपन्यांना तुमचं खातं बंद करावंच लागतं. ते आम्ही दोघांनी बसून, त्याच्या आईला फोन लावून, स्वयंपाकघरातल्या टेबलावर केलं. माउली फोनवर नुसती रडत होती. तिला वाटत होतं मुलगा परदेशात शिकतोय.

लेगस्पिन, तुम्ही वीस डॉलरवर थांबता. चांगलं आहे. त्याला रोज हाक मारून परत बोलावत होते.

---

लेगस्पिन (ब्रिस्बेन)

माई, तुमचं वाचून फार वेळ काही लिहिता आलं नाही. बोनस बेट बंद व्हायला हवी, हे मी मान्य करतो, आजपासूनच. क्रेडिट कार्डावर ऑनलाइन सट्टा २०२४च्या जूनमध्ये बंद झाला, तेही बरोबरच झालं. आणखी एक सांगतो, कारण ते मला स्वतःला खटकतं: सतत जिंकणाऱ्या माणसाला या कंपन्या डॉलर-दोन डॉलरच्या वर लावू देत नाहीत. आणि तुमच्या त्या मुलाला पन्नास फुकट. याला खेळ म्हणवत नाही.

तरी सरसकट बंदीला माझा विरोध आहे. इथल्या कंपन्यांना गप्प केलं की लोक परदेशातल्या बेकायदा साइटवर जातील. तिथे बेटस्टॉप नाही, तक्रार ऐकणारा नाही. आपल्याकडे मटका कायदेशीर कधीच नव्हता. त्याची जाहिरात कुठल्या वाहिनीवर लागत होती? तरी गिरणगावात पगाराच्या दिवशी काय व्हायचं, हे माझ्या आजोबांच्या चाळीने बघितलंय.

---

यारातीर (मेलबर्न)

लेगस्पिन, मटक्याचं उदाहरण चपखल आहे, पण ते मला माझ्याच बाजूचं वाटतं. तुमच्या आजोबांच्या चाळीतल्या पोराला मटका वाईट आहे हे ठाऊक होतं. अड्ड्यावर गेलेला बाप मान खाली घालून घरी यायचा. माझ्या मुलाला सट्टा क्रिकेटचाच भाग वाटतो, कारण तो त्याला रोहितच्या कव्हर ड्राइव्हशेजारी दिसतो.

पैशाचं म्हणाल, तर १९८५ आठवा. १० मार्च, याच एमसीजीवर आपण पाकिस्तानला हरवलं. गावसकर कप्तान, शास्त्रीला ऑडी मिळाली. मी आठ वर्षांचा होतो, पुण्यात शेजाऱ्यांच्या टीव्हीसमोर. त्या स्पर्धेचं नाव होतं बेन्सन अँड हेजेस. सिगारेटचं नाव! आम्ही पोरं ते नाव कप्तानाच्या नावासारखं घ्यायचो, आणि त्यात कोणाला काही वावगं वाटत नव्हतं. इथे १९९२ साली तंबाखूच्या जाहिरातींवर कायदा आला. त्याच्याही आधी, १९८७ मध्ये, आमच्या व्हिक्टोरियाने तंबाखूवरच्या करातून व्हिकहेल्थ काढलं आणि खेळांना सिगारेटवाल्यांच्या जागी पैसे दिले. तेव्हाही हेच म्हणत होते की खेळ बुडेल.

आपल्याकडचंही ताजं आहे. ऑगस्टमध्ये भारतात पैशाच्या ऑनलाइन गेम्सवर बंदी आली, टीमच्या जर्सीवरचं नाव गेलं. आशिया कप कोऱ्या जर्सीने खेळलो आणि जिंकलो.

---

लेगस्पिन (ब्रिस्बेन)

बीसीसीआयला दुसरा प्रायोजक चार आठवड्यांत मिळतो हो. इथल्या लीगचं दुखणं वेगळं आहे. फुटी काय, रग्बी लीग काय, त्यांच्या सामन्यांवर लागणाऱ्या सट्ट्यातला ठरलेला हिस्सा त्यांना मिळतो. जितका सट्टा जास्त, तितकं त्यांचं उत्पन्न जास्त. जाहिरात बंद केली की तिकडेही गळती. व्हिकहेल्थसारखा कर या कंपन्यांवर लावा आणि तो गावोगावच्या ज्युनियर क्लबांना द्या असं म्हणालात, तर मी सही करीन. नुसती बंदी म्हणालात तर नाही.

---

दोन मुलींची आई (ॲडलेड)

सट्ट्यातला हिस्सा लीगलाच मिळतो हे मला माहीत नव्हतं. म्हणजे ज्यांनी "ही जाहिरात नको" म्हणायचं, त्यांचीच कमाई त्यावर. मी आमच्या खासदाराला पत्र लिहायला घेतलं आहे. करासकट लिहिते, लेगस्पिन. तुमची सही पाहिजे.

---

पॅरामॅटाकर (सिडनी)

माईंची हकिकत काल रात्री आमच्या मंडळाच्या बैठकीत वाचून दाखवली. नाव नव्हतंच, गावही गाळलं. दहा मिनिटं कोणी बोललं नाही, मग खजिनदार म्हणाले की क्लब सोडला तर बजेट कोलमडेल. त्यांचंही खोटं नाही. मतदान झालं. सहा विरुद्ध पाच.

पुढच्या वर्षीच्या गणपतीसाठी शाळेचा हॉल बघून आलो. क्लबपेक्षा ९०० डॉलर जास्त, खुर्च्या आपण लावायच्या, आणि रात्री नऊला रिकामा करून द्यायचा, म्हणजे आरती लवकर घ्यावी लागेल. वर्गणी माणशी पाच डॉलर वाढवतोय. यारातीर, स्वीपचे वाचलेले पाच इकडे पाठवलेत तरी चालतील.