पिलर्ड क्ले: पृष्ठफळ छापता, मग धुण्याचं पाणी का नाही?

निवळी:
पिलर्ड क्ले, म्हणजे थरांमध्ये खांब बसवलेली माती, बनवताना धुण्याच्या पाण्यात सिल्व्हर नायट्रेटचे दोन थेंब टाकायचे आणि ते पांढरट झालं की क्लोराइड अजून शिल्लक आहे, म्हणून पुन्हा पाणी ओतायचं. माझ्या गेल्या बॅचला सातव्या धुण्यालाही पाणी गढुळलंच. तेव्हा मी कागद घेऊन हिशेब केला.

ज्यांना विषय नवा आहे त्यांच्यासाठी थोडक्यात: बेंटोनाइट मातीतल्या माँटमोरिलोनाइट या खनिजाचे थर जेमतेम १ नॅनोमीटर जाड असतात. थरांमधला सोडियम काढून तिथे तेरा ॲल्युमिनियम अणूंचे मोठे आयन घुसवायचे आणि माती ५०० अंशांच्या आसपास भाजायची. आयनांचे ऑक्साइडचे खांब होतात, थर पुन्हा मिटत नाहीत. फार देखणं रसायन आहे.

पण १ किलो मातीचं २ टक्क्यांचं मिश्रण म्हणजे ४९ लिटर पाणी. मातीच्या ग्रॅममागे १० मिलिमोल ॲल्युमिनियम धरलं तर ०.२ मोलरचं आणखी ५० लिटर द्रावण. ते ॲल्युमिनियम क्लोराइडवर मोलच्या हिशेबाने २.४ पट कॉस्टिक (सोडियम हायड्रॉक्साइड) घालून बनवलं की सुमारे १.४ किलो मीठ तयार होतं. मातीपेक्षा मीठ जास्त, तेही धुणं सुरू व्हायच्या आधी!

माझं म्हणणं असं: मिश्रण १० टक्क्यांचं घ्या, म्हणजे ९ लिटर पाण्यात भागेल. द्रावणासाठी तयार ॲल्युमिनियम क्लोरोहायड्रेट वापरा. साध्या क्लोराइडमध्ये एका ॲल्युमिनियममागे तीन क्लोराइड असतात, यात अर्धा, आणि कॉस्टिक लागतच नाही. शिवाय प्रत्येक पेपरात पृष्ठफळाशेजारी किलोमागे किती पाणी आणि किती मीठ गेलं तेही छापलं जावं.

भट्टी:
हिशेब बरोबर, उपाय पटला नाही. सोडियम बेंटोनाइट १० टक्क्यांना नेला की भांड्यात खळ होते, ढवळणी जागच्या जागी फिरते. आयन कडेच्या थरांत शिरतात, आतले तसेच राहतात. एक्सआरडीत (क्ष-किरणांनी थरांचं अंतर मोजायची चाचणी) १.८ नॅनोमीटरला जे टोकदार शिखर हवं ते पसरट येतं. क्लोरोहायड्रेटमध्येही तेरा-अणूंच्या आयनांबरोबर इतर लहानमोठे आयन असतातच.

उत्प्रेरक म्हणून ही माती गरम वाफेत टिकायला हवी. खांब विरळ बसले तर थर कोसळतात आणि चार फेऱ्यांत सगळी माती फेकावी लागते. तो कचरा कुणाच्या खात्यावर? किलोमागे पाणी मोजू नका, उत्प्रेरकाच्या पूर्ण आयुष्यामागे मोजा.

थर:
तुम्ही दोघं मिठापाशीच अडलात. १९९५ मध्ये पिन्नाव्हाया यांच्या गटाने दाखवलेली दुसरी पद्धत बघा: थरांमध्ये सरफॅक्टंट (साबणासारखे लांब रेणू) आणि अमाइन, त्यांच्याभोवती टीईओएस (टेट्राएथिल ऑर्थोसिलिकेट) या द्रवापासून सिलिका. २०८ ग्रॅम टीईओएसमधून सिलिका मिळते ६० ग्रॅम आणि अल्कोहोल सुटतं १८४ ग्रॅम. वर महागडं सरफॅक्टंट आपण भट्टीत जाळून टाकतो. ते आम्लयुक्त अल्कोहोलने काढून पुन्हा वापरायला हवं. ही सरफॅक्टंट म्हणजे चतुर्थक अमोनियम संयुगं, पाण्यातल्या जीवांना घातक, म्हणून ती सांडपाण्यातही जाऊ द्यायची नाहीत.

भट्टी:
आणि ते अल्कोहोल? ते ऊर्ध्वपातन करून परत मिळवायचं तर उष्णता लागणारच. सरफॅक्टंट जाळल्यावर नायट्रोजनचे ऑक्साइड निघतात हे मान्य, पण ऊर्ध्वपातनाचं इंधन हिशेबात न धरता 'हरित' म्हणणं मला खटकतं.

थर:
रास्त. पण अल्कोहोल परत हातात येतं, जाळलेलं सरफॅक्टंट येत नाही.

निवळी:
@भट्टी, खळीचा मुद्दा पूर्ण मान्य, मीही त्यात फसले आहे. पण त्यावर वाट आहे. माती आधी पाण्यात फुगवायचीच नाही, कोरडी पूड थेट ॲल्युमिनियमच्या द्रावणात हळूहळू सोडायची. जास्त प्रभाराचे आयन शिरले की थर एका मर्यादेपलीकडे फुगत नाहीत, म्हणून खळ होत नाही. ते ४९ लिटर सरळ वाचतात. धुणंही उलट क्रमाने करता येतं: या बॅचचं शेवटचं, जवळजवळ स्वच्छ पाणी पुढच्या बॅचच्या पहिल्या धुण्याला. मीठ त्याने कमी होत नाही, पाणी होतं.

आयुष्यभराचा हिशेब हवा हेही पटलं. तरी तो करायलाही किलोमागचा आकडा आधी लागेलच ना? तोच तर कुणी छापत नाही.

भट्टी:
कोरडी पूड मी करून पाहीन. तुमचा नमुना आणि २ टक्क्यांचा नमुना, दोन्ही एकाच भट्टीत, ७०० अंशांना वाफेत ठेवून पुन्हा एक्सआरडी काढू. शिखर जागेवर राहिलं तर पाण्याचा आकडा मी स्वतः पेपरात घालेन. पसरलं तर मात्र माझे ४९ लिटर मी सोडणार नाही.

निवळी:
चालेल. पुडीचा कणाकार मात्र सारखा ठेवा, मी २०० मेशच्या चाळणीखालची वापरते.